आवरलेला हात

जूनचा पहिला आठवडा होता. भुसावळात पावसाचा पत्ता नव्हता आणि रात्री साडेनऊलाही गच्चीची फरशी तळपायाला कढत लागत होती. शेवभाजीची तर्री घामाच्या रूपाने बाहेर पडत होती, खाली यार्डात शंटिंगचे धक्के चालले होते, आणि मित्राची मुलगी तिच्या इवल्याशा स्पीकरवर एकामागून एक क्लिपा लावत होती. बापाची आवड तिने उचलली आहे. त्याला त्याचा अभिमान आहे आणि अकरावीचं वर्ष म्हणून धाकही. मध्येच तिने आयर्न मेडन या इंग्लंडातल्या हेवी मेटल बँडचं एक जुनं गाणं लावलं. कुणीतरी गर्दीत हात वर करून फोनवर घेतलेलं, आवाज फाटलेला, लोकांचा ओरडा जास्त आणि गाणं कमी. पण दुसऱ्याच ओळीला मित्राचा हात ताटाशेजारी पडला. उजव्या हाताची दोन बोटं टेबलाच्या कडेवर टिकटिक करू लागली, डावा तळवा मधूनच थाप देऊ लागला, चप्पल काढलेला पाय फरशीवर. शाळेत बाकावर वाजवायचा अगदी तसाच, डोळे मिटून, खालचा ओठ दाताखाली धरून. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्याने डोळे न उघडताच विचारलं, "कधीचं गं हे?" ती म्हणाली, "बुडापेस्टचं. मागच्या आठवड्यातलं."

हात थांबला. त्याने तो उचलून मांडीवर ठेवला.

"मंग हा कोन वाजवी ऱ्हायला?" त्याने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. मुलीने नाव सांगितलं, त्याने मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. विषय तिथेच संपला, निदान त्याच्यापुरता. मला मात्र तो आवरलेला हात बरेच दिवस पुरला. वाजवणारा चांगला वाजवत होता म्हणून हात टेबलावर पडला, आणि वाजवणारा कोण ते कळलं म्हणून मागे गेला. मधल्या काळात गाण्यात तर काहीच बदललं नव्हतं.

त्याआधीच्या डिसेंबरात बातमी आली तेव्हा आम्ही चौघे चार गावी होतो. तो भुसावळला, मी जळगावला, एक पुण्याला आणि एक नंदुरबारकडे शाळेवर. मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त होतोय, ७ डिसेंबर २०२४चा साओ पाउलोचा कार्यक्रम शेवटचा. ४२ वर्षं एकाच बँडच्या ड्रमवर. आणि त्याचं दुःख धड करून घ्यावं तर दुसऱ्याच दिवशी नवं नाव जाहीर: सायमन डॉसन. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा दहावा होईपर्यंत तरी त्याच्या खुर्चीचं कुणी बोलत नाही. यांनी चोवीस तासही जाऊ दिले नाहीत, हीच पहिली तक्रार. दुसरी तक्रार अशी की डॉसन हा मेडन काढणाऱ्या स्टीव्ह हॅरिसच्या दुसऱ्या बँडचा, ब्रिटिश लायनचा ड्रमर. म्हणजे घरातल्याच माणसाला आणून बसवलं. आधी तो द आउटफिल्ड नावाच्या पॉप-रॉक बँडमध्येही वाजवायचा, त्यावरून पुणेकराने नाक मुरडलं. एखादं दणदणीत नाव आणलं असतं तर हाच पुणेकर म्हणाला असता की पैशासाठी आणला, मेडनचा आत्मा त्याला काय कळणार. नंदुरबारचा मास्तर तेवढा म्हणाला की ७२ वर्षांच्या माणसाला आता घरी जाऊ द्या रे. भुसावळहून एकच ओळ आली: "मी नही ऐकनार भो."

मास्तराच्या बोलण्याला आधार होता. जानेवारी २०२३मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू, खांद्यापासून बोटांपर्यंत. ड्रमरची उजवी बाजू! काही आठवड्यांत तो पुन्हा सरावाला बसला, मे महिन्यात दौराही सुरू झाला, आणि झटक्याची गोष्ट लोकांना कळली ती ऑगस्टात. मधले दोनेक महिने तो त्या हाताने कार्यक्रमांत वाजवत होता आणि खाली उभ्या लोकांना त्याची कल्पना नव्हती. आमच्या पुणेकराने तेव्हाच्या क्लिपा ऐकून निकाल दिला होता की निको आता आळस करतो, जुन्या जागा गाळतो. ऑगस्टात सगळं उघड झाल्यावर त्याने कधीच तो विषय काढला नाही, आम्हीही काढला नाही. मला मात्र अजून नवल वाटतं ते याचं की त्या गाळलेल्या जागा आपल्याला ऐकू आल्या. म्हणजे आमचा कान काही वाईट नाही. मग त्याच कानाला डॉसनच्या वाजवण्यात काय खटकलं, असं विचारलं तर चौघांपैकी एकालाही नेमकं बोट ठेवता येत नाही. उलट जुनी गाणी आता आवळल्यासारखी, मोजून-मापून वाजतात असं मास्तर म्हणतो, आणि मलाही तसंच वाटतं. हे मी भुसावळला बोललेलो नाही.

नव्या माणसाला तशीही सुटका नसते. आधीच्यासारखं वाजवलं तर पोपट, वेगळं वाजवलं तर उद्धट. मेटॅलिका या बँडचा बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन सप्टेंबर १९८६मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि १९८८च्या अल्बमवर त्याचा बास इतका खाली दाबला की शोधावा लागतो. घरात घेतलं पण पंगतीत बसवलं नाही. तो माणूस २००१पर्यंत टिकला हीच मोठी गोष्ट. जुडास प्रीस्ट या मेटल बँडने तर जानेवारी २०२२मध्ये सांगून टाकलं की यापुढे एकच गिटार घेऊन चौघेच फिरणार, अँडी स्नीप येणार नाही. हा स्नीप म्हणजे पार्किन्सन्स झालेल्या ग्लेन टिप्टनच्या जागी दौऱ्यावर वाजवणारा, तात्पुरता म्हणून घेतलेला माणूस. आणि चाहत्यांनी एवढा गहजब केला की आठवडाही न उलटता निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे चार वर्षांत हा बदली माणूस लोकांना इतका आपला झाला की त्यालाच काढू देईनात. मला त्यातल्या टिप्टनचा विचार येतो. आपल्या जागेवरच्या माणसासाठी लोक भांडताहेत, याचं त्याला बरं वाटलं असेल का?

आमच्यापर्यंत हे सगळं आलं ते रेल्वे कॉलनीतून. भुसावळातली बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं तोवर ऑस्ट्रेलिया नाहीतर इंग्लंड गाठून बसली होती, काही जायच्या बेतात होती. मित्राच्या क्वार्टरशेजारी असंच एक घर होतं. ख्रिसमसला त्यांच्याकडून केक यायचा आणि बाराही महिने खिडकीतून गिटार. ते लोक सामान आवरून निघाले तेव्हा शेजारच्या दादाने जाता जाता एक बूट ठेवायचा खोका याच्या हातात दिला. आत कॅसेटी. त्यातली एक नव्वद मिनिटांची होती, वर निळ्या बॉलपेनने फक्त 'मेडन' लिहिलेलं, कव्हर नाही, नावं नाहीत, फोटो नाही. एका बाजूला १९८२चा अल्बम, दुसऱ्या बाजूला १९८३चा. दुसरा अल्बम पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूला जरासा लांब होता, त्यामुळे शेवटचं गाणं संपता संपता खट्ट करून तुटायचं. ते गाणं पूर्ण कसं संपतं हे मी कितीतरी वर्षांनी ऐकलं आणि मला ते लांबवल्यासारखं वाटलं. माझ्यासाठी त्या गाण्याचा शेवट खट्ट हाच होता, अजूनही आहे.

तर त्या कॅसेटची बाजू उलटली की माणूस बदलायचा. १९८२च्या अल्बमवर क्लाइव्ह बर आहे, १९८३च्या अल्बमवर निको. दुसरी बाजू सुरूच होते ती ड्रमच्या एका झपाट्याने, जणू आलेल्या माणसाने दार न वाजवता घरात शिरावं तसा. मित्र बाकावर दोन्ही बाजू वाजवायचा. पहिल्या बाजूला त्याचे हात हलके, उड्या मारणारे असायचे, दुसऱ्या बाजूला जड आणि पाय जास्त. दोन वेगळी माणसं वाजवताहेत हे नाव माहीत नसतानाच त्याच्या हातांना कळलं होतं. आणि त्याला दोन्ही आवडायची. तेव्हा त्याच्या मनात निष्ठा वगैरे भानगड नव्हती, कारण कोण आधीचा आणि कोण नंतरचा हे सांगणारं कव्हरच आमच्याकडे नव्हतं. पुढे जळगावच्या एका दुकानात खरी कॅसेट मिळाली, नावं वाचली, मग निको आमचा झाला आणि क्लाइव्ह 'आधीचा' झाला.

क्लाइव्हबद्दल आम्ही कुणीच कधी हळहळलो नाही.

खरं तर हळहळण्यासारखं त्याच्यात निकोपेक्षा जास्त होतं. पहिले तीन अल्बम त्याचे. ज्या अल्बमने बँड जगभर गेला तो वाजवून तो बाहेर पडला, आणि गंमत अशी की निको ज्या फ्रेंच बँडमधून, ट्रस्टमधून मेडनमध्ये आला त्याच बँडमध्ये पुढे क्लाइव्ह गेला. दोघांनी खुर्च्या बदलल्या म्हणा ना. नंतर त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. ज्याचा सगळा संसार हातापायांच्या ताळमेळावर, त्याचे हातपायच त्याचं ऐकेनासे झाले. मार्च २००२मध्ये मेडनने लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये त्याच्यासाठी कार्यक्रम केले, पैसे उभे केले. त्या कार्यक्रमांत ड्रमवर अर्थातच निको होता. मार्च २०१३मध्ये क्लाइव्ह गेला, ५६ वर्षांचा. त्या दिवशी आमच्या चौघांत काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. निकोच्या वेळी मात्र सुतकच पाळलं. आम्ही ज्या दारातून आत आलो त्या दारात जो उभा होता तो आमच्यासाठी मूळ पुरुष, त्याच्या आधीचा सगळा इतिहास. इंग्लंडात अशीही माणसं असतील ज्यांच्यासाठी ब्रूस डिकिन्सन हाच १९८१ साली घुसलेला नवा गडी आहे आणि खरा गायक पॉल डियानो. निकोच्या निवृत्तीआधी दीडेक महिना, ऑक्टोबरात, डियानो वारला. त्यांच्या घरी तेव्हा सुतक असणार.

मी निकोला एकदाच पाहिलं, आणि 'पाहिलं' म्हणणं धाडसाचं आहे. १ फेब्रुवारी २००८, मुंबई, बांद्रा-कुर्ला. रात्रीच्या गाडीने निघून, दादरला उतरून, दिवसभर वणवण करून आम्ही मैदानात पोचलो. डिकिन्सन स्वतः विमान चालवत बँडला घेऊन आला होता आणि आमच्या लोको पायलटाला, म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या मित्राला, गाण्यापेक्षा त्याचंच जास्त अप्रूप. खान्देशातून आलेले म्हणून आम्हाला थंडी वाजेल या भीतीने आईने दिलेला स्वेटर कमरेला बांधलेला, आणि मुंबईत घामाच्या धारा. धूळ, काळे टीशर्ट, समोर एका उंच माणसाची टाळू. निकोचा ड्रमसेट एवढा अगडबंब की तो मागे बसला की दिसतच नाही, कधी एखादी काठी वर येते, कधी नाकाचा शेंडा. बाकी सगळा माणूस पितळ आणि लाकडाच्या आड. अनवाणी वाजवतो म्हणतात, पाय दिसायचा प्रश्नच नव्हता. पण एका पायाने, एकाच पेडलवर तो जे काढतो ते छातीत येऊन बसत होतं. कार्यक्रम संपल्यावर तो पुढे आला, तेव्हा मित्र माझ्या कानात ओरडला, "खरा हाये रे!" मला वाटतं त्या रात्रीपासून त्याचं आणि निकोचं काहीतरी ठरून गेलं.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे मित्राचे वडील, भुसावळ-इगतपुरी चालवणारे ड्रायव्हर. त्यांची लाइनवरची लोखंडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा, दारात दिसली की आप्पा घरी आहेत हे गल्लीला कळायचं. आम्ही दहावीत होतो तेव्हा एका मेडिकलला त्यांचे डोळे नापास झाले. रेल्वेत याला डीकॅटेगराइज करणं म्हणतात. नोकरी जात नाही, पगार सांभाळला जातो, दुसरीकडे काम देतात. फक्त इंजिनावर चढायचं नाही. आप्पांना लॉबीत बसवलं, जिथे ड्रायव्हर लोक ड्यूटीवर येताना सही करतात. म्हणजे रोज त्यांच्यासमोर सही करून दुसरा कुणीतरी त्यांच्या गाडीवर जायचा. आप्पा त्याला वेळ सांगायचे, इंजिनाचा नंबर सांगायचे, कधी लाइनबद्दल काही विचारायचे. गाडी पूर्वीइतकीच वेळेवर जायची, म्हणजे पूर्वीइतकीच उशिरा. आतल्या प्रवाशांना काहीही कळलं नाही, कळण्याचं कारणही नव्हतं. कॉलनीत महिन्याच्या शेवटच्या तारखेला कुणी ना कुणी निवृत्त व्हायचं. हार, गुलाल, उघडी जीप, पुढे वाजंत्री, मागे बायका ताटं घेऊन. पुढे आप्पांचीही तशी मिरवणूक निघाली, लॉबीतून. पण इंजिनावरून ते उतरले तो महिन्यातला मधलाच कुठलासा दिवस होता आणि त्या दिवशी त्यांच्या हातात एक कागद होता. लोखंडी पेटी पलंगाखाली सरकली. पुढे आमच्या कॅसेटी त्याच पेटीत राहू लागल्या. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "झाकन नीट लावत जा, धूळ बसते."

मेडनने निकोच्या बाबतीत सांगितलं होतं की तो दौऱ्यावर येणार नाही, पण मेडनच्या घरातलाच राहील, दुसरी कामं करील. ते वाचून मित्राने फोन केला होता. "म्हंजे डीकॅट केलं त्याले," म्हणाला. हसला नाही. मी म्हणालो, अरे, त्याला भरलेल्या स्टेडियममध्ये निरोप मिळाला, लोक रडत होते. "तेच सांगून ऱ्हायलो," म्हणाला आणि फोन ठेवला. ही तुलना फार ताणू नये हे मलाही कळतं. प्रवाशाला ड्रायव्हरचं नाव माहीत नसतं, मेडनच्या चाहत्याला निकोच्या कुत्र्याचंही असेल. पण मित्राच्या मनात दोन्ही गोष्टी एकाच पेटीत पडलेल्या आहेत, त्याला मी काय करणार?

आणि तरी एक गाठ मला सुटत नाही. हाच मित्र पुढे परीक्षा देऊन लोको पायलट झाला, आज त्याच मार्गावर गाड्या चालवतो. सुरुवातीला कॉलनीतले लोक सहज म्हणायचे, "बापाच्या जागेवर लागला." तो पेटून उठायचा. जागेवर नाही, परीक्षा देऊन लागलो, मेरिटमध्ये होतो. कुणी आप्पांसारखा हॉर्न वाजवतो म्हणालं तरी चिडायचा, नाही वाजवत म्हणालं तरी चिडायचा. बदली माणसाच्या नशिबी काय येतं हे आमच्यात कुणाला सगळ्यात जास्त ठाऊक असेल तर यालाच. डॉसनला निदान एक गाणं पुरं ऐकून घेण्याची सवलत त्याने द्यायला हवी होती असं मला वाटतं. मग वाटतं, ठाऊक आहे म्हणूनच देत नसेल.

मेडनची स्वतःची रीत पाहिली तर तिथे आत येणं-बाहेर जाणं सतत चाललेलं. १९९०मध्ये गिटारवाला एड्रियन स्मिथ गेला, यानिक गर्स आला. १९९३मध्ये डिकिन्सन गेला, त्याच्या जागी गायला आलेल्या ब्लेझ बेलीने पाच वर्षं शिव्या खाल्ल्या, १९९९मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघे परतले. तेव्हा ब्लेझला जावं लागलं, पण यानिकला काढलं नाही. तीन गिटारवाले घेऊन चालले. नऊ वर्षं राबलेल्या माणसाला मूळ मालक आला म्हणून उठवायचं नाही, एक ताट वाढवायचं. हे मला त्यांच्या कुठल्याही अल्बमइतकंच आवडतं. ड्रमवर असं करता येत नाही, तिथे खुर्ची एकच. ब्लॅक सॅबथ या बँडच्या चाहत्यांनी तर मूळ ड्रमर बिल वॉर्डसाठी वर्षानुवर्षं हेका धरला, २०१७च्या निरोपाच्या कार्यक्रमातही तो नव्हता म्हणून तो निरोप धरायलाच तयार नव्हते. अखेर ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मूळ चौघे एकत्र आले, वॉर्ड ड्रमवर, गायक ऑझी सिंहासनात बसून. त्या रात्री भुसावळहून माझ्या फोनवर एकामागून एक क्लिपा येत राहिल्या, खाली "असं पाह्यजे" एवढंच. २२ जुलैला ऑझी गेला. त्यानंतर काही दिवस भुसावळचा फोन आला नाही, मीही केला नाही.

परवा दिवाळीत चौघे भेटलो. पुणेकराला आता डॉसन आवडू लागलाय, त्याने तसं कबूल करायच्या ऐवजी हाय-हॅटच्या झांजांबद्दल दहा मिनिटं भाषण दिलं. मास्तर म्हणतो मुंबईत पुन्हा आले तर तिकीट काढू, गुडघे आहेत तोवर. मित्र म्हणाला, तुम्ही जा. मग थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, फेब्रुवारीत त्याची रजा शिल्लक आहे असं म्हणाला. मुलीने बापाकडे पाहिलं, मी तिच्याकडे. पुढे गोष्ट साहजिकच हॅरिसवर आली. १९७५मध्ये त्याने बँड काढला, तो आता सत्तरीला टेकलाय. गिटारवाला डेव्ह मरेही त्याच वयाचा. एकेक करून सगळे थांबणार, आणि मग नाव तेवढं राहील, त्या नावाखाली वाजवायला पोरं मिळतीलच. आम्ही जाणार का ऐकायला? निकोपर्यंत ठीक होतं, आता डॉसनही समजा धकवून घेतला, पण हॅरिस थांबला की मेडन संपलं, त्यानंतर एक नोटही ऐकायची नाही, यावर आम्हा चौघांचं एकमत झालं.

२०२४पर्यंत निकोबद्दलही आमचं असंच एकमत होतं.